चरावरची गोजरबाई

गोजरबाईइतकं भित्रं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, आणि मी स्वतः काही वाघ नाही. ती ढगाला भ्यायची, विजेला भ्यायची, जीपच्या आवाजाला भ्यायची. शिक्का मारलेला कागद दिसला की पायाखाली साप आल्यासारखी दोन पावलं मागं सरायची. उंद्रीच्या अलीकडे एका गावात सरकारी काम चालू होतं, तिथे ती मजुरांना पाणी पाजायची. मी त्या कामावरचा ओव्हरसियर. वय चोवीस, नोकरी दीड वर्षाची, मिशी त्याहूनही नवी.

साल चौऱ्याहत्तर. मोठा दुष्काळ सरला होता, तरी हाताला काम मागणारी माणसं काही सरली नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा उतार होता. ज्यांना जमीन नाही त्यांना घरासाठी तिथे जागा द्यायच्या, म्हणून उतार सपाट करून प्लॉट पाडायचं ठरलं. वरची माती खोदायची, टोपल्यांनी खाली आणायची आणि खालच्या कडेला भराव घालायचा. पोरखेळ वाटावा इतकं सोपं काम. फक्त त्या खालच्या कडेतून एक ओहोळ जात होता, आणि ओहोळाच्या काठाला, भरावाच्या बरोबर खाली, जुनी सात मातीची घरं होती. त्यातल्या एका घरात गोजरबाईची मुलगी चांगुणा दिलेली होती.

गोजरबाई मूळची अशी नव्हती म्हणतात. तिचा नवरा तुळशीराम जिवंत असताना त्यांची चार एकर जमीन होती. एका वर्षी पाऊस धो धो लागला, ज्वारी पाण्यात उभी राहिली, आणि तुळशीरामनं कुणाला न विचारता शेजारच्याचा धुरा फोडला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वऱ्हाडात माणूस एकवेळ शिवी विसरेल, फोडलेला धुरा विसरत नाही. पाणी शेजारच्या तुरीत गेलं, तूर सडली, आणि भावकीनं या घराशी बोलणं टाकलं. सात वर्षं. गोजरबाई विहिरीवर गेली की बाकीच्या बाया दोर आवरून घरी जायच्या. सातव्या वर्षी तुळशीराम वारला तेव्हा कुठे माणसं अंगणात आली. तेव्हापासून तिनं एक गोष्ट मनाशी गाठ मारून ठेवली होती. पाण्याला दुसऱ्याच्या शेतात वाट करून द्यायची, तर पहिलं फावडं त्या शेताच्या मालकाचं पडलं पाहिजे. ही त्या भागातली जुनी रीत. मालकानं एकदा फावडं मारलं की मग पुढं कुणीही खोदावं, तक्रार नाही.

उन्हाळ्यात ऑफिसातून एक टंकलिखित कागद आला. पावसाळ्याआधी कामावर काय काय करायचं त्याची यादी. कामाच्या वरच्या अंगाला आडवा चर खोदा, म्हणजे वरचं पाणी कामात शिरणार नाही. मातीचा ढीग ओहोळापासून पंधरा फूट लांब टाका. उताराच्या खालच्या कडेला दगडांची रांग लावा, गाळ अडेल आणि पाणी जाईल. मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची पाईपची वाट, झाल्याशिवाय ओहोळावर भराव घालू नका, आणि घालावाच लागला तर एका बाजूला, पक्क्या जमिनीत, सांडवा ठेवा, म्हणजे भरलेलं पाणी तिथून वाहून जाईल. शेवटी असंही होतं की दर पावसानंतर चर बघायला एक जबाबदार इसम नेमावा.

तो कागद मी मजुरांपुढे वाचून दाखवला. जबाबदार इसम व्हायला कुणी तयार होईना. मुकादम कारभारी माझ्या कानाशी लागला, "सायेब, गोजरबाईले ठेवा. आभायात चिमणी उडाली तरी थे धावत येते." मी हसलो आणि तिचं नाव सांगून टाकलं. सगळे हसले. गोजरबाईनं मात्र दोन्ही हात कानाला लावले.

"मले नोका सायेब! माह्या हातून काई चुकलं तं?"

"अहो बाई, चरातली माती काढायची, एवढंच."

"अन् नाई निंगाली तं?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं हे. पण त्या बाईनं काय केलं, तर रोज दुपारी भाकर खाऊन झाली की माझ्या झोपडीबाहेर येऊन बसायची आणि तो कागद पुन्हा वाचायला लावायची. तिला अक्षर येत नव्हतं. आठ दिवसांत सगळा कागद तोंडपाठ. मला स्वतःला पाठ नव्हता. जून-जुलैत पावसाची सर आली की डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ती चरावर हजर. थरथर कापत, विजेला डोळे मिटत, पण हातातलं फावडं चालू. त्या दोन महिन्यांत आमच्या कामावरून चिखलाचा एक ओघळही खालच्या घरांत गेला नाही. मी मात्र तिची नक्कल करून मजुरांना हसवत होतो.

पोळा झाला आणि वरून निरोप आला की दसऱ्याच्या आत प्लॉट वाटायचे आहेत, मोठे साहेब येणार आहेत. मोरीसाठी लागणारे सिमेंटचे पाईप अजून आले नव्हते. मी तीन पत्रं पाठवली, पाईप काही आले नाहीत. ओहोळाचा तेवढा दहा हातांचा तुकडा भरायचा राहिला होता, आणि तो दातांतल्या खिंडारासारखा दिसत होता. पावसाचे दिवस संपत आलेत असं मी मनाला समजावलं आणि हुकूम दिला, भरून टाका. पाईप आले की पुन्हा खोदू.

गोजरबाई पाण्याचा हंडा तसाच ठेवून आली.

"सायेब, सांडवा?"

"आता कुठे पाऊस आहे?"

"हस्त बाकी हाये ना जी. हत्तीचा पाऊस लय पडते. कागदात काय लिवलं हाये, पक्क्या जागी सांडवा..."

"कागद मला शिकवता का?" मी ओरडलो. चांगला ओरडलो, चाळीस माणसांसमोर. सांडवा ठेवायचा तर तो पूर्वेच्या टोकालाच ठेवता आला असता, तिथली जमीन कडक मुरमाची होती. पण त्या टोकाला लागून पंजाबरावांची कपाशी होती. पंजाबराव म्हणजे गावातला मोठा माणूस. त्यांच्याकडे जाऊन परवानगी मागायची, त्यांनी चार गोष्टी सुनवायच्या, साहेबांच्या कानावर जायचं. मला ते नको होतं. गोजरबाई मागं सरली.

आठ-दहा दिवस ऊन पडलं. ओहोळ खाली कोरडा झाला. सात घरांतल्या लोकांना वाटलं सरकारनं पाणी कायमचं बंद केलं, बरं झालं. त्यांनी ओहोळाच्या पात्रात शेळ्या बांधल्या, गोवऱ्या थापल्या. चांगुणा बाळंत झाली, मुलगा झाला. गोजरबाई आजी झाली, आणि तिची झोप उडाली. सकाळी कामावर आली की आधी वर बघायची आणि मग भरावाकडे.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला सातपुड्याकडून नाही, तर उलट्या बाजूनं, जालन्याच्या अंगानं आभाळ चढलं. बघता बघता दिवसाचा उजेड गेला. पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. वरचा चर भरला, तोंडाशी आला, आणि पंधरा मिनिटांत उलटून वाहू लागला. गायरानाचं, वरच्या शेतांचं, सगळं पाणी भरावाच्या मागं साठायला लागलं.

भरावाच्या आतल्या अंगाला उंची मोजायला मी फुटाफुटावर खुंट्या ठोकल्या होत्या. एकूण आठ. मी पोहोचलो तेव्हा तीन खुंट्या बुडाल्या होत्या. माती नवी होती, चोपलेली नव्हती. पाणी वरून गेलं असतं तर मधला तो दहा हातांचा तुकडा एका दमात गेला असता, आणि आठ फूट पाणी चिखलासकट त्या सात घरांवर. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी शिकलो होतो.

"कारभारी, खाली जाऊन माणसं बाहेर काढ!" एवढं मी बोललो. कारभारी पळाला. पण खालची माणसं दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. पिढ्यान् पिढ्या ओहोळ कधी उंबऱ्याला लागला नव्हता, आणि आता तर पात्र कोरडं. चांगुणा नऊ दिवसांची बाळंतीण. तिची सासू म्हणाली, "बायतीण कुठी पान्यात नेतं रे? येडा झाला काय?"

चार खुंट्या बुडाल्या.

गोजरबाई माझ्यासमोर आली. पोतं कुठे पडलं होतं कोण जाणे, पदर अंगाला चिकटला होता, दात वाजत होते.

"सायेब, कोपरा फोडा लागते. मुरमाचा कोपरा. तुमी म्हना."

मी खुंट्यांकडे बघत राहिलो.

"सायेब, माही चांगुणा हाये खाली. नऊ दिवसाचं लेकरू हाये. म्हना ना जी!"

चाळीस माणसं फावडी धरून उभी होती. माझ्या तोंडून 'फोडा' एवढा एक शब्द निघाला असता तर त्यांनी फोडला असता. पण तो शब्द म्हणजे, मी सांडव्याशिवाय भराव घातला याची कबुली होती. पंजाबरावांची कपाशी माझ्या नावावर बुडाली असती. मोठे साहेब यायला पाच दिवस होते. मी मनात म्हणत होतो, पाऊस आता थांबेल. आता थांबेल. मी आभाळाकडे बघत राहिलो, आणि मला भीती वाटत होती ती घरांची नव्हती, नोकरीची होती. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा ती वाटायलाही जागा नव्हती.

मजूरही हलले नाहीत. ते सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. हुकूम नाही आणि मालकाचं फावडं नाही, मग दुसऱ्याच्या कपाशीत पाणी कोण सोडणार? गोजरबाईनं एकाच्या हातातलं फावडं ओढून घेतलं, कोपऱ्यापर्यंत गेली, वर उचललं, आणि तिचे हात तिथेच राहिले. तिला सात वर्षांची विहीर दिसली असेल. फावडं टाकून ती रडत म्हणाली, "मालकाले इचारून येतो मी!" आणि पंजाबरावांच्या वाडीकडे पळत सुटली. अर्धा मैल चिखल, वय पन्नाशीच्या पुढं.

ती गेली तेव्हा पाचवी खुंटी बुडत होती. ती येईपर्यंत मी काय केलं ते सांगतो. काही केलं नाही. सहावी खुंटी बुडाली. भरावाच्या मधोमध, खालच्या बाजूनं, मातीतून बोटाएवढी पाण्याची धार सुटली. एक म्हातारा मजूर रामाचं नाव घ्यायला लागला. मी त्या धारेवर बूट ठेवून उभा राहिलो, जणू बुटानं ती थांबणार होती. खाली शेळ्या ओरडत होत्या. धार मनगटाएवढी झाली.

तेवढ्यात पावसातून दोन बाया येताना दिसल्या. पुढं गोजरबाई, धाप लागून वाकलेली, आणि मागं पंजाबरावांची बायको सरस्वतीबाई. पंजाबराव चिखलीला बाजाराला गेले होते. मोठ्या घरची ती बाई एरवी माणसांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. आज तिच्या हातात फावडं होतं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"कुठी?" तिनं विचारलं.

गोजरबाईनं बोट दाखवलं, पण पुन्हा म्हणाली, "बाई, मालक घरी नाईत. थे रागावतीन. तुमाले मारतीन..."

"मालक नाईत तं मी कोन हाव?" सरस्वतीबाईनं उभ्या कपाशीकडे एकदा पाहिलं. बोंडं भरलेली होती, पंधरा दिवसांत पहिली वेचणी आली असती. मग तिनं फावडं उचललं आणि मुरमात घातलं.

पुढचं सगळं एकदम झालं. चाळीस फावडी त्या कोपऱ्यावर तुटून पडली. सातवी खुंटी अर्धी बुडाली होती तेव्हा पाण्यानं मुरमातून वाट धरली, आधी हातभर, मग पुरुषभर. पिवळं पाणी कपाशीत घुसलं, झाडं आडवी पाडत पलीकडच्या मोठ्या नाल्याला लागलं. बुटाखालची धार बारीक होत गेली. खुंट्या एकेक करून वर आल्या. खालच्या घरांत फक्त पायाचे घोटे भिजतील एवढं पाणी गेलं, एक पडवी बसली, एक शेळी गेली. चांगुणाला शेवटी दोघांनी बाजेसकट उचलून उंचावर नेलं होतं, लेकरू तिच्या पोटाशी झोपलेलं. गोजरबाई तिथे पोहोचली आणि बाजेचा पाय धरून खालीच बसली. तिला उठवायला तीन माणसं लागली.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, ठरल्या दिवसाआधीच. बातमी पोहोचली होती. सोबत पोलीस पाटील. साहेब भरावावर चढले, फुटलेला कोपरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"सरकारी भराव कोणी फोडला? कोणाच्या हुकमानं?"

मोठ्या घरच्या बाईचं नाव साहेबापुढं कोण घेणार? सगळ्यांच्या नजरा हळूहळू गोजरबाईकडे वळल्या. पोलीस पाटील एक पाऊल पुढं आले. गोजरबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आधी पाटलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोट माझ्याकडे केलं.

"यायनं. या सायबानं सांगतलं, कोपरा फोडा म्हनून."

संपलं, असं वाटलं. साहेब माझ्याकडे वळले, माझ्याकडे बघत राहिले, मग पुन्हा कोपऱ्याकडे, खालच्या सात घरांकडे. त्यांचा आवाज बदलला.

"पाईप आमच्याकडून वेळेवर आले नाहीत, खरं आहे. पण ऐन वेळी पक्क्या जमिनीत सांडवा काढायची बुद्धी झाली तुम्हाला. शाबास. सात घरं वाचवली तुम्ही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खाली मान घातली. नम्रतेनं, असं त्यांना वाटलं असणार. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, त्या कागदात त्या दिवसाचा उल्लेख होता. पाईप दिवाळीनंतर आले, वरातीमागून घोडं. पंजाबराव चार दिवस बायकोशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. कापूस गेला तो गेला.

गोजरबाई त्यानंतर अठरा वर्षं जगली. प्लॉटवर घरं उठली, तिलाही एक जागा मिळाली, भरावापासून सगळ्यात लांबची तिनं मागून घेतली. आभाळ आलं की शेवटपर्यंत ती मोरीचं तोंड बघून यायची, पाला काढायची. नातू मोठा झाला, तो तिला चिडवायचा. बदली झाल्यावर मी पुन्हा तिकडे गेलो नाही. ती गेल्याचं मला कारभारीकडून कळलं, तेही वर्षानं.

पण मोठे साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. दुपारची वेळ, मजूर भाकर खात होते. मी झोपडीत बसलो होतो. दारात सावली पडली. गोजरबाई उभी होती, आत येत नव्हती. दोन्ही हात जोडलेले.

"काय झालं बाई?"

"सायेब, मले माफ करा."

"कशाबद्दल?"

"खोटं बोलली मी काल. तुमी म्हनलंच नव्हतं. मले पाटलाचं भेव लागलं, अन् तुमचं नाव तोंडात आलं. तुमच्यावर घेतलं मी. तुमची नोकरी गेली असती तं? तुमाले बी माय हाये. रात्रभर डोयाले डोया नाई लागला." ती रडायला लागली. "पाया पडतो तुमच्या."

त्या क्षणी खरं बोलायला माझ्यासमोर ती एकटी होती. ना साहेब, ना पाटील, ना कागद. ती खाली वाकली, तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांना हात लावला.

आणि मी तिला माफ केलं. "बरं, बरं," मी म्हणालो, "झालं ते झालं. पुन्हा असं करू नका."

"नाई करनार जी," ती म्हणाली, आणि डोळे पुसत चर बघायला गेली.